अमेरिकेतील कॉलेजांची बंधुमंडळे व भगिनीमंडळे : आईबापांनी काय जाणावे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा लाटणेच हाताच्या अधिक सवयीचे. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, गेली दोन वर्षे ज्या विषयाने माझ्या मनात घर केले आहे त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे ठरविले. इंग्रजीतील मजकूर माझ्या मुलाने वाचून मला समजावून दिला व सनावळ्या मी वहीत टिपून ठेवल्या. विचार मात्र माझे स्वतःचे आहेत.

विषय दूरदेशचा आहे. पण आता दूरदेश तरी कोठे दूर राहिला आहे? आपल्याच आळीतील कितीतरी घरांतील मुले, मुली, सुना आणि जावई अमेरिकेत आहेत. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती. परदेशांतून तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांत ती सर्वांत मोठी ठरली. यांपैकी बरीच मुले येथली पदवी घेऊनच पुढच्या शिक्षणासाठी जातात. त्यांचा या लेखातील मंडळांशी फारसा संबंध येत नाही. परंतु जी मुले बारावी होताच तिकडे जातात, किंवा ज्यांचा जन्मच तिकडे झाला आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न कॉलेजच्या पहिल्याच वर्षी उभा राहतो. माझे धाकटे दीर व जाऊ टेक्सासमध्ये असतात. त्यांची मुलगी कॉलेजात गेली आणि अशा एका भगिनीमंडळाची सभासद झाली. तेव्हा जाऊबाईंनी मला फोनवर विचारले, "वहिनी, हे आपल्या तिकडच्या महिला मंडळासारखंच असतं का हो? का आणखी काही असतं?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता दोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच येथे थोडक्यात मांडते.

प्रथम नावांविषयी. मुलग्यांच्या मंडळास तेथे फ्रॅटर्निटी म्हणतात आणि मुलींच्या मंडळास सोरॉरिटी. लॅटिन भाषेत 'फ्रातेर' म्हणजे भाऊ व 'सोरोर' म्हणजे बहीण. आपल्या संस्कृतातील भ्रातृ आणि स्वसृ या शब्दांशी त्यांचे अगदी जवळचे नाते आहे. म्हणून मी त्यांना बंधुमंडळ व भगिनीमंडळ असेच म्हणणार आहे. या मंडळांची नावे बहुधा दोन किंवा तीन ग्रीक अक्षरांची असतात. कप्पा, अल्फा, डेल्टा, फी अशी. अनेकदा ती अक्षरे मंडळाच्या गुप्त ब्रीदवाक्याची आद्याक्षरे असतात. प्रत्येक मंडळाची मध्यवर्ती संस्था असते आणि निरनिराळ्या कॉलेजांत तिच्या शाखा असतात. वर्षाच्या आरंभी, काही कॉलेजांत दुसऱ्या सत्रात, निवडीचे दिवस येतात. नवी मुले-मुली मंडळांच्या घरोघर जातात, बोलतात, हसतात, आणि आत असलेली मंडळी कोणास घ्यावे हे आपसांत ठरवितात. ज्याला बोलावणे येते तो प्रथम काही आठवडे उमेदवार राहतो. मग दीक्षेचा गुप्त विधी होतो आणि तो कायमचा सभासद बनतो. हे नाते कॉलेज सुटल्यावर सुटत नाही. ते आयुष्यभराचे समजतात.

या प्रथेचा उगम अमेरिकेच्या स्वातंत्र्याइतकाच जुना आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी या कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कप्पा' नावाचे मंडळ काढले. त्या काळी कॉलेजात लॅटिन, ग्रीक व धर्मशास्त्र यांची घोकंपट्टी असे. मनातले मोकळेपणी बोलायला जागा नसे. म्हणून या मुलांनी वादविवादासाठी व निबंधवाचनासाठी आपली वेगळी बैठक जमविली, शपथ घेतली आणि हस्तांदोलनाची एक गुप्त खूण ठरविली. पुढे १८३१ च्या सुमारास या मंडळाने आपली गुप्तता सोडून दिली, आणि आज तो उत्तम विद्यार्थ्यांना मिळणारा एक मान आहे. गुप्तता सोडल्याने मंडळ मोडले नाही, उलट त्याची प्रतिष्ठा वाढली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आजच्या रूपातील बंधुमंडळांचा आरंभ मात्र न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात झाला असे मानतात. तेथे १८२५ साली 'कप्पा अल्फा' आणि १८२७ साली 'सिग्मा फी' व 'डेल्टा फी' अशी तीन मंडळे निघाली. तेथून ही प्रथा कॉलेजा-कॉलेजांत पसरली. पुढे त्यांची स्वतःची घरे झाली. कॉलेजांना वसतिगृहे अपुरी होती. त्यामुळे मंडळाच्या घरात राहणे, तेथेच जेवणे, ही सोय मुलांनाही हवी होती आणि कॉलेजांनाही. सोय म्हणून उभे राहिलेले हे घर वडीलधाऱ्यांच्या नजरेआड गेलेले घर होते, हे ध्यानात ठेवावे. पुढचा पुष्कळसा इतिहास त्या एका गोष्टीतून घडला.

आता मुलींकडे वळू. जॉर्जिया राज्यातील मेकन गावी स्त्रियांचे एक कॉलेज होते. स्त्रियांना पदवी देण्याची सनद त्याला १८३६ सालीच मिळाली होती. तेथे १८५१ साली युजेनिया टकर व तिच्या पाच मैत्रिणींनी 'अडेल्फियन सोसायटी' स्थापन केली. हेच पुढे 'अल्फा डेल्टा पाय' नावाचे भगिनीमंडळ झाले. १८६७ साली इलिनॉय राज्यातील मन्मथ कॉलेजात बारा मुलींनी आपले मंडळ काढले. ते आज 'पाय बीटा फी' म्हणून ओळखले जाते.

तिसरी कथा मला सर्वांत आवडते. इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल गावच्या कॉलेजने १८६७ साली मुलींना प्रवेश दिला. प्रवेश मिळाला तरी मान मिळाला नाही. वर्गात त्यांच्याकडे तुच्छतेने पाहिले जाई. तेथल्या बेटी लॉक या मुलीला एका बंधुमंडळाने आपला बिल्ला लावायला देऊ केला. तिने विचारले, बिल्ल्याबरोबर सभासदत्वही देणार का? ते देण्यास मंडळी तयार नव्हती. तेव्हा बिल्ला परत करून तिने २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींसह 'कप्पा अल्फा थीटा' हे मंडळ स्थापन केले, असे त्या मंडळाच्या इतिहासात सांगतात. भगिनींनो, शोभेचा बिल्ला आणि खरा अधिकार यांतील भेद त्या मुलीला नेमका कळला होता. आरंभी मुलींच्या मंडळांनाही फ्रॅटर्निटीच म्हणत, कारण दुसरा शब्दच नव्हता. सिरॅक्यूज येथे १८७४ साली निघालेल्या 'गॅमा फी बीटा' या मंडळातील मुलींना त्यांच्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी 'सोरॉरिटी' हा शब्द सुचविला आणि पुढे तोच रूढ झाला. १९०२ साली या मंडळांनी मिळून एक राष्ट्रीय परिषद स्थापन केली. आज तीत पंचविसाच्या आसपास भगिनीमंडळे आहेत.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते, हेही आठवून पाहावे. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. १८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभास रमाबाई स्वतः हजर होत्या. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाईंच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले व त्याच्या मदतीतून १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. सांगायचे तात्पर्य असे की, बंद दारापुढे रडत न बसता आपले दार आपणच उभारणे, ही बुद्धी त्या काळी दोन्ही देशांतील स्त्रियांना एकाच वेळी होत होती.

परंतु दार उभारले की ते लावून घेण्याचा मोह होतो. ज्या मुलींना पुरुषांनी बाहेर ठेवले होते त्यांच्याच मंडळांनी पुढे काळ्या मुलींना, ज्यू मुलींना बाहेर ठेवले. मग ज्यू मुलींनी १९०९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात 'अल्फा एप्सिलॉन फी' काढले. काळ्या विद्यार्थ्यांनी १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात 'अल्फा फी अल्फा' हे बंधुमंडळ स्थापन केले. मार्टिन ल्यूथर किंग पुढे त्याचेच सभासद झाले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली 'अल्फा कप्पा अल्फा' हे काळ्या मुलींचे पहिले भगिनीमंडळ निघाले आणि १९१३ साली बावीस मुलींनी 'डेल्टा सिग्मा थीटा' काढले. या बावीस जणींच्या मंडळाचे पहिले मोठे सार्वजनिक काम कोणते, तर ३ मार्च १९१३ रोजी स्त्रियांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चात सामील होणे. कमला हॅरिस, ज्यांच्या मातोश्री भारतातून तिकडे गेल्या होत्या, या हॉवर्डमध्ये शिकताना अल्फा कप्पा अल्फाच्या सभासद झाल्या.

या मंडळांनी केलेले चांगले काम विसरून चालणार नाही. 'पाय बीटा फी'च्या भगिनींनी १९१२ साली टेनेसीच्या डोंगराळ भागातील गॅटलिनबर्ग येथे गरीब मुलांसाठी शाळा काढली. विणकाम व हस्तकलेची परंपरा तेथे आजही चालू आहे. 'अल्फा कप्पा अल्फा'च्या भगिनी १९३५ पासून काही वर्षे दर उन्हाळ्यात मिसिसिपीच्या कापूस पिकविणाऱ्या मुलखात जाऊन गरीब मजुरांच्या मुलांना देवी व घटसर्प यांच्या लसी टोचीत. घराबाहेर पडलेल्या एकाकी मुलीला थोरल्या बहिणीची माया, आजारपणात सोबत, पुढे नोकरीच्या वेळी ओळख, हेही तेथे मिळते. म्हणून सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

पण दाराची कडी किती घट्ट असते त्याचेही एक उदाहरण देते. अलाबामा विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना १९६३ साली प्रवेश मिळाला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०१३ साली, तेथील विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने छापले की उत्तम गुण असलेल्या एका काळ्या मुलीला भगिनीमंडळांनी नाकारले, आणि आतील काही मुलींची तिला घेण्याची इच्छा असता जुन्या सभासद बायकांनी आड येऊन तसे घडविले. मोठा गवगवा झाला, तेव्हा विद्यापीठाने निवडीचे दार पुन्हा उघडावयास लावले. आत असलेल्या मुलींनीच वृत्तपत्राकडे तोंड उघडले म्हणून हे झाले.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येते. उमेदवाराला दीक्षा देण्यापूर्वी त्याची 'परीक्षा' पाहण्याची जी रीत आहे तिला तेथे हेझिंग म्हणतात. आपल्याकडे आपण जिला रॅगिंग म्हणतो तीच ही. फरक एवढाच की आपल्याकडे नव्या मुलाला ते नकोच असते, आणि तेथे मंडळात शिरण्याच्या आशेने तो स्वतःच मान पुढे करतो. म्हणूनच ते अधिक फसवे. झोपू न देणे, अपमान करणे, मारणे, डोळे बांधून अनोळखी जागी नेऊन सोडणे, आणि सर्वांत घातक म्हणजे दारू पाजणे, असे त्याचे प्रकार आहेत. मुलींच्या मंडळांत वजनावरून, रूपावरून, कपड्यांवरून टोचून बोलण्याचे प्रकारही घडतात.

ही गोष्ट आजची नव्हे. कॉर्नेल विद्यापीठात १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये 'कप्पा अल्फा'च्या दीक्षेसाठी रात्री रानात नेलेला एक मुलगा दरीत पडून मरण पावला. त्याचे वडील सेनाधिकारी होते आणि त्या वेळी सरकारच्या पेटंट खात्याचे प्रमुख होते. एवढ्या मोठ्या घरचा मुलगा गेला, तरी प्रथा चालूच राहिली.

पुढे १९८४ साली अमेरिकेत असा कायदा झाला की, राज्याराज्यांनी दारू विकत घेण्याचे किमान वय २१ करावे. हेतू चांगला होता. परंतु कॉलेजात येणारा मुलगा असतो अठरा वर्षांचा. उघड्यावर मिळेनाशी झालेली दारू खाजगी घरांच्या बंद दारांआड गेली, आणि बंधुमंडळाचे घर हे तसे दार होते. येथे मुलींच्या आयांनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. मोठ्या भगिनीमंडळांचा असा नियम असतो की, आपल्या घरात दारू आणावयाची नाही. नियम उत्तम, पण त्यामुळे मेजवान्या मुलांच्या घरी होतात. दार त्यांचे, पेला त्यांनी भरलेला, आणि परतीची वाटही बऱ्याचदा त्यांच्याच हाती. म्हणून मुलीच्या मंडळाचे नियम विचारून थांबू नये. मेजवानी कोठे असते आणि परत कोणाबरोबर येतात, हेही विचारावे.

१९७८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील आल्फ्रेड विद्यापीठात वीस वर्षांच्या एका मुलाला बंधुमंडळाच्या मंडळींनी थंडीच्या रात्री मोटारीच्या डिकीत कोंडले. बरोबर व्हिस्की, बीअर व वाइन दिली, आणि ती सारी संपविल्यावाचून बाहेर यावयाचे नाही असे बजावले. त्या रात्रीच तो मेला. त्याची आई आयलीन स्टीव्हन्स. ना ती वकील, ना पुढारी. मुलाचे नेमके काय झाले हे तिला एकेकाला विचारून जुळवावे लागले. त्याच वर्षी तिने मुलाच्या नावाची एक समिती काढली आणि पुढे कित्येक वर्षे कॉलेजा-कॉलेजांत जाऊन, मुलांच्या पुढे उभी राहून ती तीच कथा सांगत राहिली. तिने आरंभ केला तेव्हा मोजक्याच राज्यांत याविरुद्ध कायदा होता. आज तो चाळीसहून अधिक राज्यांत आहे. ज्या बाईला आपल्या मुलाच्या मरणाची कथा शेकडो वेळा परक्या मुलांना सांगावी लागली, तिचे मन काय झाले असेल, हे आपण आयाच जाणू.

अशीच आणखी एक आई-बापांची जोडी. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात १९८६ साली जीन क्लेरी या मुलीचा खून झाला. तो मंडळांचा प्रकार नव्हता. पण तिच्या आईबापांनी विचारले की, कॉलेजच्या आवारात किती गुन्हे होतात हे आम्हांला आधी का सांगितले नाही? त्या प्रश्नातून १९९० साली कायदा झाला आणि कॉलेजांना दरवर्षी गुन्ह्यांचे आकडे जाहीर करणे भाग पडले.

त्यानंतर २०१७ चा फेब्रुवारी. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात 'बीटा थीटा पाय' या बंधुमंडळाच्या घरी टिमोथी पियात्झा या एकोणीस वर्षांच्या मुलाला भराभर दारू पाजण्यात आली. तो जिन्यावरून पडला. घरात भाऊ म्हणविणारे कितीतरी होते. तरी जवळजवळ बारा तास कोणीही मदतीसाठी फोन केला नाही. तो गुदमरू नये म्हणून त्याच्या पाठीला दप्तर बांधले, पण डॉक्टरला बोलावले नाही. हे सारे घरातील कॅमेऱ्यांत टिपले गेले. कागदोपत्री ते घर दारूमुक्त होते. त्याच्या आईवडिलांच्या प्रयत्नांनी २०१८ साली त्या राज्यात त्याच्या नावाचा कडक कायदा झाला. अशा प्रकारात मृत्यू अथवा गंभीर इजा झाली तर तो आता तेथे मोठा गुन्हा ठरतो.

'आपली माणसे असली म्हणजे भीती नाही,' असेही कोणी म्हणेल. आपल्याकडील वंशाच्या मुलामुलींनीही गेल्या तीसेक वर्षांत स्वतःची मंडळे काढली आहेत. टेक्सास विद्यापीठात ऑस्टिन येथे १९९८ साली 'कप्पा फी गॅमा' आणि त्याच वर्षी ह्यूस्टनला 'डेल्टा फी ओमेगा', ही दक्षिण आशियाई मुलींची भगिनीमंडळे निघाली. दिवाळी साजरी करणे, गरबा, समाजसेवा, अभ्यासाला मदत, असे त्यांचे चांगले कार्यक्रम असतात. पण आपली भाषा आणि आपले खाणे म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. २०१३ साली आशियाई वंशाच्याच मुलांच्या एका बंधुमंडळात दीक्षेच्या वेळी झालेल्या मारहाणीत न्यूयॉर्कच्या एका कॉलेजचा मुलगा दगावला. २०१८ साली पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने त्या मंडळालाच शिक्षा करून दहा वर्षे त्या राज्यात बंदी घातली.

मागच्या गणपतीत माझी पुतणी इकडे आली होती. मोदकाच्या पाऱ्या करता करता मी तिला तिच्या मंडळाविषयी विचारले. तिने आनंदाने सारे सांगितले. थोरल्या 'बहिणी'ने परीक्षेच्या रात्री तिला कसे जागविले, तापात सूप कसे करून दिले. दीक्षेच्या रात्रीविषयी मात्र म्हणाली, "काकू, ते नाही सांगता येत. गुपित असतं." मी म्हटले, "बाळ, गाणे गुपित असो, मंत्र गुपित असो, मी विचारणार नाही. पण जखम कधी गुपित ठेवायची नाही. ज्या रात्रीनंतर कोणाच्या अंगावर वळ उठला, कोणाला उलटी झाली, कोणी रडत झोपली, ती रात्र आईला सांगायची." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तसं काही झालं नाही, काकू. पण झालं तर सांगेन." माझे तेवढ्याने समाधान झाले. गुप्तता स्वतः पाप नाही. ती कशावर पांघरूण घालते यावर तिचा बरेवाईटपणा ठरतो.

आपण आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ साली झाला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबत आदेश दिले. तरीही २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय कॉलेजात एका मुलाचा मारहाणीत मृत्यू झाला. त्याचे वडील राजेंद्र काचरू यांनी दुःख बाजूला ठेवून हा प्रश्न धसास लावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम निघाले व मदतीसाठी देशभर एकच दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. अमेरिका असो वा भारत, कायद्याच्या मागे बहुधा एखादी आई किंवा एखादा बाप उभा असतो, आणि तो उभा राहतो तेव्हा त्याचे स्वतःचे मूल गेलेले असते. आपण त्याआधीच का उभे राहू नये?

म्हणून ज्यांची मुले तिकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट : २३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत सर्व देशासाठी हेझिंगविरोधी कायदा झाला. त्याप्रमाणे ज्या कॉलेजांना केंद्र सरकारचे साह्य मिळते त्यांनी, कोणते मंडळ दोषी ठरले, केव्हा व कशाबद्दल, याचा अहवाल आपल्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येईल असा ठेवावयाचा आहे. मुलाने मंडळाचे नाव सांगितले की प्रथम तो अहवाल काढून वाचावा. मात्र अहवालात नाव नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. तक्रारच झाली नसेल तर नोंद तरी कोठून येणार?

दुसरी : मूल अठरा वर्षांचे झाले, किंवा कॉलेजात दाखल झाले, की तेथील १९७४ च्या कायद्याप्रमाणे त्याची कॉलेजातील कागदपत्रे पाहण्याचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. आईबाप फी भरतात म्हणून कॉलेज त्यांना सर्व सांगेल असे नाही. २१ वर्षांखालील मुलाने दारूबाबतचा नियम मोडला तर पालकांना कळविण्याची मुभा कॉलेजला १९९८ पासून आहे, सक्ती नाही. तेव्हा खरी बातमी मुलाच्याच तोंडून येणार. ती येण्याची वाट आपण मोकळी ठेवली पाहिजे. 'असे काही केलेस तर घरी परत आणीन' अशी धमकी दिली की ती वाट बंद झालीच म्हणून समजावे.

तिसरी : पैशाचे सर्व आकडे लेखी मागावेत. प्रवेशाची वर्गणी, दर सत्राची वर्गणी, जेवणखाण, राहणे, कपडे, दंड, सारे वेगवेगळे असते. मध्येच मंडळ सोडले तर काय भरावे लागेल, हेही विचारावे. पैसे अडकले म्हणून मूल तेथे अडकून राहू नये.

चौथी : मंडळाच्या मंडळींना सरळ विचारावे की, उमेदवारीचे किती आठवडे, त्यात रोज किती वेळ जाणार, रात्री किती वाजेपर्यंत, आणि घरात कोणी वडीलधारी व्यक्ती राहते का? चांगले मंडळ या प्रश्नांनी रागावत नाही.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची : कोणी दारू पिऊन निपचित पडला, हाक मारून उठत नाही, श्वास अडखळतो आहे, तर 'झोपून उतरेल' म्हणून सोडून जाऊ नये. ९११ हा क्रमांक फिरवावा आणि माणूस येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून जवळ बसावे. अनेक राज्यांत अशी मदत मागणाऱ्याला दारूच्या नियमाबद्दल शिक्षेपासून संरक्षण आहे. आपल्या मुलाला हे वाक्य निघण्याच्या आदल्या दिवशी पाठ करून घ्यावे : 'मंडळाचे नाव गेले तरी चालेल, माणूस जाता कामा नये.'

भगिनींनो, आपलेही एक भगिनीमंडळच आहे. नवी सून आळीत आली की तिला आपण हळदीकुंकवाला बोलावतो, वाण देतो, सतरंजीवर आपल्या शेजारी बसवून घेतो. तिची परीक्षा घेत नाही. निदान घेऊ नये. जे मंडळ नव्या माणसाला बसायला जागा देते ते टिकते. जे आधी त्याला वाकविते आणि मग जवळ घेते, त्याच्यातील प्रत्येक जण पुढच्या वर्षी दुसऱ्याला वाकविण्याची वाट पाहत बसतो. बेटी लॉकने परत केलेला बिल्ला आणि आयलीन स्टीव्हन्सने मांडलेला प्रश्न, या दोन गोष्टी परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलामुलीच्या बांधाबांधीत लोणच्याच्या बरणीइतक्याच अगत्याने घालाव्यात, एवढीच माझी आपणां सर्वांना नम्र विनंती आहे.